न वाचलेलं कार्ड

माझ्या आयुष्यात मी एकदा रीतसर मेलेलो आहे. त्याला छापील पुरावा होता. पांढरं कार्डशीट, काळी चौकट, दोनशे प्रती. ज्यांच्या घरी त्या गेल्या त्यांनी वाचून लगेच फाडून टाकल्या, कारण दुःखाचं कार्ड आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. त्यामुळे आज दाखवायला माझ्याजवळ एकही नाही आणि तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल. माझ्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते याच प्रकरणात कळेल. कार्ड खरं तर माझं नव्हतंच. ते माझ्या थोरल्या भावाचं, दिनेशदादाचं होतं. मी फक्त त्याच्या जागेवर जाऊन बसलो, जसा लहानपणापासून त्याच्या ताटावर, त्याच्या सायकलवर आणि त्याच्या खुर्चीवर बसत आलो होतो.

जळगावात आमचं घर वर आणि प्रेस खाली. म्हणजे मी झोपायचो तिथे खालून कटिंग मशीनचं पातं कागदाच्या गठ्ठ्यातून उतरतानाचा घस्स असा आवाज यायचा, आणि जेवायचो तिथे शाईचा आणि रॉकेलचा वास. माय वरण-बट्टीच्या दिवशी बट्ट्या तुपात सोडायची तेव्हा पाच-दहा मिनिटं तो वास शाईला हरवायचा. मग पुन्हा शाई. पत्रिका हा आमचा धंदा. लग्नाच्या, साखरपुड्याच्या, वास्तूच्या, आणि गंधमुक्तीच्या, म्हणजे माणूस गेल्यावर उत्तरकार्याच्या दिवशी बोलावण्याच्या. आमचे वडील, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो, खिळे जुळवून मजकूर लावायच्या काळातले. त्यांनी एक नियम घातला होता. कुठलंही कार्ड मशीनवर चढण्याआधी एकाने प्रूफ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने हातात मूळ कागद धरून ते तपासायचं. काना, मात्रा, स्वल्पविरामासकट. शाळेत बाराखडी यायच्या आधी मला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ घडाघडा म्हणता येत होतं, आणि पहिलीच्या बाईंनी नाव विचारलं तेव्हा मी ‘चिरंजीव योगेश’ असं सांगितलं होतं. घरातले पाहुणे हा किस्सा इतक्यांदा ऐकून गेलेत की आता तो खरा घडला की आबांनी रचला, तेही मला सांगता येणार नाही.

कॉम्प्युटर आला, खिळे गेले, वाचायचा नियम मात्र राहिला. एका लग्नसराईत व्हायरसने प्रेसच्या सगळ्या फाइली खाल्ल्या. तेव्हा दादाने कुठूनतरी सीडी मिळवून त्या यंत्रावर लिनक्स चढवलं. आबांनी एकच विचारलं, याच्यात मराठी उमटतं का. उमटत होतं. लिनक्सवर प्रत्येक गोष्ट पॅकेजमधून येते. पॅकेज म्हणजे एक गाठोडं, आणि कुठली फाइल कुठे ठेवायची याची यादी त्या गाठोड्यातच असते. कुठली फाइल कोणत्या गाठोड्याची, याची नोंद यंत्र स्वतःजवळ ठेवतं. दादा म्हणायचा, हा फाइलींचा सातबारा आहे. एका फाइलीवर दोघांनी हक्क सांगितला की यंत्र अडून बसतं आणि म्हणतं, आधी आपसात मिटवा. दादाने आमच्या कार्डांचे नमुने असे गाठोड्यात बांधले होते, साध्या मजकुराच्या फाइली, सुबक, नावाच्या जागी रिकामा चौकोन. मी तेव्हा धुळ्याला इंजिनिअरिंगला. अभ्यास सोडून बाकी सगळ्यात हुशार. मी त्या नमुन्यांसाठी एक फॉर्म तयार केला होता. नाव, तारीख, पत्ता, शोकाकुल मंडळींची यादी टाकली की कार्ड तयार. तो माझा प्रोग्राम, माझं गाठोडं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत, शहाणपणा म्हणून, मी नमुनेसुद्धा कोंबले. दादाचेच नमुने, फक्त माझ्या हाताने ‘सुधारलेले’. आणि गंधमुक्तीच्या नमुन्यात होस्टेलच्या पोरांना हसवायला मी रिकामा चौकोन काढून तिथे कायमचं लिहून ठेवलं होतं: कै. योगेश. फॉर्ममध्ये कोणाचंही नाव टाका, मरणार मीच. पोरं पोट धरून हसली होती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर ते कार्ड होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लागलं होतं.

ती आवृत्ती मी जळगावलाही पाठवली. दादाने तो नमुना पाहिला तेव्हा फोन केला. तो रागावत नसे, कामासारखं बोलत असे. नाव काढ, म्हणाला, मायच्या हाती पडलं तर तिला ही चेष्टा कळायची नाही. मी म्हटलं काढतो. काढलंस की कळव, म्हणजे मी इकडे बसवतो, म्हणाला. मी काढलं नाही आणि कळवलंही नाही. मला वाटतं त्याने थोडे दिवस वाट पाहिली असेल. मग एका दुपारी त्याने सगळं यंत्रच एकदम नवं करायला घेतलं. बाकी सगळी पॅकेजं नवी झाली आणि माझ्या गाठोड्याशी येऊन काम अडलं. त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी मला धुळ्याला निरोप आला की ये, लगेच ये.

पुढच्या दिवसांबद्दल मला फारसं सांगता येत नाही. आठवत नाही असं नव्हे. सगळं आठवतं, पण दुसऱ्याने सांगितल्यासारखं. एसटीत शेजारच्या माणसाने पेरू खाल्ला होता. घरासमोर चपलांची रास होती. बायका गल्लीच्या वळणापासूनच रडायला सुरुवात करायच्या आणि दारात आल्यावर तो आवाज एकदम मोठा व्हायचा. आमच्याकडे याला दारावर येणं म्हणतात. गावोगावची माणसं येतात, बसतात, पाणी घेतात, थोडं बोलतात, उठतात. पाणी द्यायचं काम माझं होतं. तांब्या, पेले, पुन्हा तांब्या. येणारा प्रत्येक जण तेच तीन प्रश्न विचारी, कसं झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, आणि मी त्याच क्रमाने तीच उत्तरं देई. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी माझ्या फॉर्मसारखाच वागतोय, वरून काही टाका, खालून तेच निघतंय. मला हसू आलं. ते कोणी पाहिलं नाही. रडू मात्र येत नव्हतं, आणि याची मला शरमही वाटत नव्हती, काहीच वाटत नव्हतं. शेजारून पिठलं-भाकरी यायची. मी पोटभर खायचो.

आठव्या दिवशी कार्डाचं निघालं. चुलत भाऊ म्हणाले, बाहेरून छापून आणतो, तुम्ही कशाला. आबा तेवढ्यापुरते सरळ बसले. म्हणाले, दिनूने अख्ख्या गल्लीची कार्डं केली, त्याचं दुसऱ्याच्या मशीनवर व्हायचं नाही, आपल्याच इथे होईल आणि त्याच्याच नमुन्यात होईल. एवढं एकच त्यांना हवं होतं. बाकी कशात त्यांनी लक्ष घातलं नाही. आपल्या हाताने एका कागदावर मजकूर लिहिला, माझ्या हातात दिला.

मी खाली गेलो. दहा-बारा दिवसांनी प्रेसचं शटर उघडलं होतं. दादाची खुर्ची, पाठीला टॉवेल. यंत्र सुरू केलं तर माझा प्रोग्राम चालेना. बाकी सगळं नवं झालेलं, तो एकटा जुना, त्यामुळे त्याचं कोणाशी जमत नव्हतं. मी काळी खिडकी उघडली आणि सवयीने वर जायचा बाण दाबला. त्यावर आधी दिलेल्या आज्ञा एकेक करून परत दिसतात. दादाची शेवटची आज्ञा आली. दोन फाइलींमधला फरक दाखव, अशी ती आज्ञा होती. एक फाइल त्याची, एक माझी. मला तेव्हा एंटर दाबता आलं असतं. मी दाबलं नाही. मी माझं नवं गाठोडं बसवायला सांगितलं आणि यंत्राने मला तेच सांगितलं जे त्याला सांगितलं असणार: ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजच्या नावावर आहे, तिच्यावर लिहिणार नाही. मी आज्ञेत जबरदस्तीचा शब्द घातला. असा शब्द आहे, कोणाचीही फाइल असो, वरून लिहून टाक, असं सांगणारा. धुळ्याला मी तो दिवसातून चारदा वापरायचो. यंत्राने निमूट ऐकलं. माझ्या गाठोड्यातल्या फाइली दादाच्या फाइलींवर जाऊन बसल्या.

(आता माझ्या हाताखाली पाच-सहा जण काम करतात आणि आमचा सगळा उद्योग हाच आहे, दुसऱ्यांची यंत्रं सुधारत ठेवणं. एखादा येऊन म्हणतो, सर, फाइल कॉन्फ्लिक्ट येतोय, जोर लावून टाकू का. मी त्याला दोन्ही फाइली माझ्यासमोर मोठ्याने वाचायला लावतो. मागे माझ्या डोक्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे, आणि त्यात तथ्यही आहे.)

मी फॉर्म भरला. दादाचं नाव टाकलं, कोणाचंही टाकावं तसं. प्रूफ काढलं. चौकट सरळ आली का, समास सारखे आहेत का, शाई फिकी नाही ना, एवढं पाहिलं. अक्षरं मला दिसत होती, मी ती वाचत नव्हतो. प्रूफ घेऊन वर गेलो, आबांच्या समोर धरलं आणि घसा साफ केला. मी वाचायला लागणार, तोच त्यांनी हात हलवला. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नको वाचू,” म्हणाले. “छाप.”

उभ्या आयुष्यात आमच्या प्रेसमधून न वाचता गेलेलं ते एकच कार्ड. दोनशे प्रती छापल्या, कापल्या, चुलत भावांनी गावं वाटून घेतली आणि मोटारसायकलींवर नेऊन दिल्या. कार्डावर लिहिलं होतं की आमचे चिरंजीव कै. योगेश यांचं दुःखद निधन झालं, आणि खाली शोकाकुल मंडळींत, आबांनी लिहून दिल्याप्रमाणे, योगेश (धाकटा भाऊ). मेलोही मीच आणि शोकाकुलही मीच. अनेकांच्या लक्षात आलं असणार. पण दुःखाच्या घरी कोण चूक काढतो. लोकांनी कार्ड फाडलं आणि गप्प राहिले.

अक्का मात्र आली. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, धरणगावच्या पलीकडच्या खेड्यातली. वाचता येत नाही, ऐकायला कमी, आणि बीपीचा त्रास. दादा गेला तेव्हा ती सुरतेला मुलीकडे होती. मुलीने तिला काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली, आता गावी जाऊ या. गावी पोचली तर उंबऱ्यात कार्ड पडलेलं. शेजारच्या शाळकरी मुलीने वाचून दाखवलं. अक्काने नावापुढचं काही ऐकलं नाही. ती तशीच मुलीला घेऊन पहिल्या बसने निघाली.

सकाळची दहाची वेळ असेल. गल्लीच्या वळणावरून तिचा आवाज आला आणि ओसरीवर बसलेली माणसं सावरून बसली. मी तांब्या भरून दारात उभा राहिलो. आवाज जवळ आला तसे त्यातले शब्द कळायला लागले. ती माझं नाव घेऊन, का गेलास म्हणून, तिच्या अहिराणीत रडत होती. योगेश रे, मना भाऊ, काबर गया रे. मला वाटलं म्हातारीची चूक होतेय, तोंडात धाकट्याचं नाव बसलंय. ती दाराशी आली, डोक्यावरचा पदर सावरत वर पाहिलं, आणि मी समोर. हातात तांब्या. तिचा आवाज मध्येच तुटला. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, गाल दाबून पाहिले, खांदे दाबून पाहिले. दहा दिवसांत त्या घरात कोणाला आनंद झालेला मी पाहिला तो तेवढाच, आणि त्याचं कारण मी होतो. आधी तिला हसू फुटलं. मग तिने माझ्या मागे चौकटीपलीकडे पाहिलं, भिंतीशी बसलेल्या मायकडे.

“तू शे का रे,” ती म्हणाली, म्हणजे तू आहेस का. आणि मग, अगदी हळू, “मंग कोण गया?”

अक्काची मुलगी खाली पाहत होती. आबा ओसरीवर होते, त्यांनी मान वर केली नाही. तिला उत्तर द्यायचं काम माझ्यावरच आलं. तीन प्रश्नांची उत्तरं मी शेकडो वेळा दिली होती. हा त्यात नव्हता.

“दादा गेला, अक्का,” मी म्हटलं.

ती तिथेच पायरीवर बसली. तिच्या मुठीतलं कार्ड खाली पडलं. रीत मोडून तिने ते न फाडता सोबत आणलं होतं, माझ्यावर इतका जीव. आबांनी ते उचललं आणि वाचलं. मी त्यांना वाचताना पाहत होतो. त्यांचे डोळे एका ओळीवर थांबले, खाली शोकाकुलांपर्यंत गेले, पुन्हा वर आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की हे कसं झालं. मी सगळं सांगितलं, होस्टेल, पोरं, नोटीस बोर्ड, दादाचा फोन, जबरदस्तीचा शब्द. ओसरीवरच्या माणसांसमोर सांगितलं. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते मारणाऱ्यांतले नव्हते. मायने मात्र उठून आत जाऊन मीठ-मोहरी आणली आणि भर सकाळी, सुतकात, सगळ्यांदेखत माझ्यावरून उतरवली. आणि म्हणाली, सगळी कार्डं परत आणा, एकही बाहेर ठेवू नका. चुलत भाऊ एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी एकाने सांगितलं की काकू, लोकांनी ती केव्हाच फाडली असतील. मायच्या हातातली वाटी तशीच राहिली. माझं नाव दोनशे घरांत फाडलं गेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. तिला दुसराही मुलगा गेल्यासारखं झालं होतं.

पायरीवरून अक्का म्हणाली, “खोटं मरन उठनं का मानूसनं आयुष्य वाढस.”

“मग दिनूचं कधी कोणी उठवलं नाही,” माय म्हणाली.

त्यावर आबा उठले. म्हणाले, दोन दिवस आहेत, कार्ड पुन्हा होईल. आणि ज्या-ज्या घरी गेलंय तिथे हा स्वतः जाऊन देईल, म्हणजे लोकांना दिसेल कोण आहे ते. मग मला म्हणाले, चल खाली.

खाली जाऊन मी वर जायचा बाण दाबला आणि दादाची ती आज्ञा पुन्हा आणली. या वेळी एंटर दाबलं, पण फरक काहीच आला नाही. त्याची फाइल आता यंत्रात नव्हती, जबरदस्तीने लिहिलेलं परत येत नाही. पण त्याचं मूळ गाठोडं त्याच्या फोल्डरमध्ये होतं. त्यातून ती फाइल काढून शेजारी ठेवली तेव्हा फरक दिसला. अख्ख्या नमुन्यात एकाच ओळीचा. एका बाजूला रिकामा चौकोन, दुसऱ्या बाजूला मी. बाकी मी ‘सुधारलेलं’ काहीच नव्हतं. मग मी जे धुळ्याला बसून दहा मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. माझ्या गाठोड्यातून सगळे नमुने काढून टाकले, नुसता फॉर्म ठेवला, ते पुन्हा बांधून बसवलं. बसवताच यंत्रातले सगळे नमुने नाहीसे झाले, कारण सातबारा मी माझ्या नावावर करून घेतला होता. माझा हक्क गेला, तशा फाइलीही गेल्या. त्यानंतर दादाचं गाठोडं बसवलं. यंत्राने काही विचारलं नाही, कुठे अडलं नाही. आबा मागे उभे राहून हे सगळं पाहत होते. त्यांना त्यातलं काही कळत नसावं, पण प्रूफ निघेपर्यंत ते हलले नाहीत.

प्रूफ निघालं. आबांनी स्टूल ओढून घेतलं, खिशातून स्वतःच्या अक्षरातला मूळ कागद काढला, चष्मा लावला. अक्का जिना उतरून आली आणि कागदाच्या रिमांवर टेकली. तिच्या मागे माय. माय प्रेसमध्ये कधी येत नसे, तिला तो वास सोसत नव्हता. ती दारालाच उभी राहिली.

मी वाचायला लागलो. आमच्यात रीत अशी की वाचणारा ओळ संपवून थांबतो, ऐकणारा कागदाशी ताडून पाहतो आणि बरोबर असेल तर म्हणतो, पुढे. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, स्वल्पविराम. आबा म्हणाले, पुढे. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, स्वल्पविराम. पुढे. आमचे चिरंजीव. पुढे.

“कै. दिनेश,” मी वाचलं.

आबांनी काही म्हटलं नाही. त्यांचं बोट कागदावर त्या ओळीवर होतं, ओळ बरोबर होती, मला इथून दिसत होतं की बरोबर आहे. मी थांबलो. रीत मोडून आपणच पुढे जावं, असं एकदा मनात आलं, पण गेलो नाही. आबांचं बोट हललं नाही. अक्काला ऐकू गेलं नसावं, ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती.

“पुढे,” दारातून माय म्हणाली.

मी पुढची ओळ वाचली. तारीख, वार, स्वल्पविराम, राहत्या घरी.